दुखवट्याच्या घरातलं गाणं

पास्काच्या घरातून गाण्याचा आवाज येतो, ही बातमी गावभर केली ती लुगियानं. दोघींच्या घरांमध्ये भिंत एकच, आणि लुगियाला दुसरा उद्योग नाही. आमच्या लोदुले गावात माणूस गेलं की घर गप्प होतं. टीव्हीवर चादर पडते, रेडिओ कपाटात जातो, खिडक्यांच्या झडपा अर्ध्यावर येतात, आणि बाई काळे कपडे घालते ते आता पुन्हा उतरवायचेच नाहीत अशा बेतानं घालते. कुणी जरा मोठ्यानं हसलं तरी रस्त्यावरचा माणूस मान वर करून बघतो. हल्लीची पोरं हे मानत नाहीत. शहरात तर महिन्याभरात लोक समुद्रावर जातात म्हणे. पण पास्का जुन्या वळणाची. तिचा प्रेदू फेब्रुवारीत गेला, आणि अजून वर्षही सरलं नाही तोवर तिच्या घरातून चार बाप्ये गात असल्याचा आवाज यावा, म्हणजे लुगियाच्या जिभेला केवढं सुख झालं असेल ते सांगायला नको.

खरं तर बाप्ये-बिप्ये कुणी नव्हते. होता तो रिमेदियाचा जुना फोन, आणि त्यात एकच गाणं. रिमेदिया ही पास्काची भाची, भावाची मुलगी, नुओरो शहरात औषधांच्या दुकानात काम करते. प्रेदू गेल्यावर आवराआवर करताना तिला कपाटाच्या तळाशी एक कॅसेट सापडली. पास्काच्या लग्नाच्या आदल्या वर्षी, ऑगस्टातल्या जत्रेत, तोरिनोच्या कारखान्यातून सुट्टीवर आलेल्या कुणीतरी आपला नवा टेपरेकॉर्डर मिरवायला म्हणून चौघांचं गाणं भरून घेतलं होतं. रिमेदियानं ते फोनमध्ये उतरवून आणलं, फोन आत्याच्या हातात दिला आणि कुठं बोट लावायचं ते दाखवलं.

चौघांचं गाणं म्हणजे आमचं तेनोरे. चार पुरुष तोंडं आत करून, खांद्याला खांदा लावून गोल उभे राहतात. एकजण शब्द म्हणतो. बाकीचे तिघं त्याला बिम-बाम असे नुसते स्वर देतात. वरती एक बारीक आवाज, मधे कोंत्रा, तो मेंढीच्या ओरडण्यासारखा चिरका, आणि सगळ्यांच्या खाली बासू. बासू घशाच्या पार तळातून काढावा लागतो. तो त्या माणसाच्या बोलण्याच्या आवाजासारखा मुळीच नसतो. जवळ उभं राहून ऐकलं तर पायाखालच्या फरशीतून वर चढतो. प्रेदू आमच्या गावचा बासू होता, आणि पास्कानं त्याच्याशी लग्न केलं ते त्या जत्रेतल्या बासूपायी, हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची.

पास्का काही लाडाकोडात वाढलेली नव्हे. परकरी वयापासून आईबरोबर लोकांच्या घरी काराझाऊ लाटायला जायची, आणि पुढं जन्मभर तेच केलं. पापडासारखी पातळ, भट्टीत फुगवून मधून फाडून पुन्हा भाजलेली ती भाकरी. भट्टीशी बसून बसून तिचा डावा गाल उजव्यापेक्षा रापलेला आहे. बोलायला फटकळ. भट्टीवरच्या बायका तिला वचकून असायच्या आणि तिच्याशिवाय त्यांना करमायचंही नाही. मूल झालं नाही. त्यावरून कुणी कीव करायला आलं तर त्या बाईला ती असं काही सुनवायची की पुन्हा तिनं विषय काढू नये. प्रेदू मेंढपाळ. अर्धा हिवाळा तो कळप घेऊन खाली सपाटीवर, आणि घरी असला तरी नसल्यासारखा. तासन्‌तास बसायचा, चीज कापून खायचा, काही विचारलं तर मान हलवायचा. बायका म्हणायच्या, कसं गं तुझं या मुक्या माणसाशी जमतं? पास्का म्हणायची, तुम्ही त्याचा बासू ऐकला नाहीत.

पण तो बासू तिनंही त्या जत्रेनंतर पुन्हा ऐकला नव्हता. लग्न झालं, त्याच महिन्यात प्रेदूचा धाकटा भाऊ मियालिनू जर्मनीला कारखान्यात गेला आणि चौकडी मोडली. पास्का मागं लागायची, एकदा तरी गा की त्या जत्रेतल्यासारखं. तो म्हणायचा, एकट्यानं गातात का कधी, चौघं लागतात. आता हे काही खोटं नाही, एकट्यादुकट्याचं ते काम नव्हेच. तरी ती अधूनमधून विचारत राहिली आणि तो तेच उत्तर देत राहिला, अगदी म्हातारपणापर्यंत.

मग यंदाच्या उन्हाळ्यात, एका सकाळी भांडी घासताना, तिच्या लक्षात आलं की प्रेदूचा आवाज आपल्याला आठवत नाही. तो काय बोलायचा ते शब्द आठवत होते, पण ते तिला स्वतःच्याच आवाजात ऐकू येत होते. तिनं नळ बंद केला, डोळे मिटले. चेहरा आला, हाताची बोटं आली, शर्टाचा वास आला. आवाज काही येईना. फोनवर बोलायचा त्याला तिटकारा होता, कुणाच्या लग्नाच्या चित्रीकरणात तो कधी तोंड उघडून बोललेला नव्हता. त्या कॅसेटखेरीज त्याचा आवाज जगात कुठंच उरलेला नव्हता. 

त्या दिवसापासून तिच्या मनानं धास्ती घेतली. उन्हाळा सरला, नोव्हेंबर तोंडावर आला, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांचा दिवस. त्या संध्याकाळी आमच्याकडे गेलेल्या माणसासाठी पान मांडून ठेवतात, वाइन ओतून ठेवतात. सुरी, काटा, टोकदार काही ठेवायचं नाही. तो येतो, जेवतो, जातो. आपण त्याच्याकडे पाठ करून बसायचं, वळून बघायचं नाही. बघायचं नाही म्हटल्यावर ओळखणार कशावरून, तर आवाजावरून. पास्काला रात्रंदिवस एकच विचार. तो आला, काही बोलला, आणि मी त्याला ओळखलंच नाही तर? आपल्याच दारातून परक्यासारखा माघारी जाईल.

म्हणून ती फोन लावायची. पण फोनचा स्पीकर म्हणजे नखाएवढी फट. त्यातून शब्द म्हणणारा ऐकू यायचा, चिरका कोंत्रा ऐकू यायचा, बासू म्हणजे नुसती माशी गुणगुणावी तसं काहीतरी. आवाज वाढवला की भिंतीपलीकडे लुगिया. चर्चच्या पायऱ्यांवर तिनं पास्काला गाठून विचारलंच, तुझ्याकडे यंदा जत्रा दुसऱ्यांदा भरली वाटतं? पास्का म्हणाली, भिंतीला कान लावून बसू नकोस लुगिया, भिंत गार असते, कानाला गारठा बसेल. बोलून मोकळी झाली खरी, पण घरी येऊन रडली. दुखवट्याच्या घरात गाणं लावल्याचा डाग तिला नको होता, आणि गाण्यावाचून तिचं चालणार नव्हतं.

रिमेदिया म्हणाली, आत्या, हेडफोन घेऊ. कानावर बसतो, तुला ऐकू येतं, भिंतीला नाही. आणि एका शनिवारी ती आत्याला गाडीत घालून नुओरोला घेऊन गेली.

दुकान विजेच्या वस्तूंचं. मालक अंतिओको, पन्नाशीचा, गुबगुबीत, गिऱ्हाईक काय म्हणतंय ते पूर्ण ऐकून घेणारा. त्यानं आधी कानात खुपसायच्या इवल्याशा गोळ्या दाखवल्या. पास्का म्हणाली, प्रेदूच्या नाकात कापसाचे बोळे घातले होते, तसलं काही मला नको. अंतिओकोनं त्या मुकाट्यानं परत ठेवल्या. मग कानाच्या पाळीवर टेकणारे आले. ते चष्म्याची काडी दाबायचे, पाच मिनिटांत डोकं ठणकायला लागलं. तो म्हणाला, मावशी, तुम्हांला पूर्ण कान झाकणारा पाहिजे, जाड उशीचा, म्हणजे भार कानावर न येता भोवतीच्या हाडावर येतो. दोन तास घातला तरी विसरायला व्हायला पाहिजे. पास्का म्हणाली, विसरायला नको, आठवायला पाहिजे. त्याला काही कळलं नाही, पण तो हसला.

पूर्ण कान झाकणाऱ्यांतही प्रकार. एकाला बाहेरून जाळी होती. त्याचा आवाज म्हणे सगळ्यांत मोकळा, गाण्यातली माणसं त्यालाच मान देतात. तो पास्काच्या डोक्यावर चढवून त्यानं गाणं लावलं, तर शेजारी उभ्या रिमेदियालाही ते सगळं ऐकू येऊ लागलं. रिमेदियानं मान हलवली. हा घेतला तर लुगियाची सोयच झाली. मग अंतिओकोनं एक महागडा आणला, बाहेरचा सगळा गोंगाट गिळून टाकणारा. त्यानं बटण दाबलं आणि दुकान नाहीसं झालं. फ्रीजची घरघर गेली, रस्ता गेला, रिमेदियाचे ओठ हलत होते पण शब्द गेले. कानात कुणी ओली माती भरावी तसं पास्काला झालं. दोन्ही हातांनी तिनं तो ओढून काढला. तोंड पांढरं पडलं होतं.

‘‘मेल्यावर असंच ऐकू येत असणार,’’ ती म्हणाली. ‘‘हा नको मला. तो तिकडं असाच बसलाय.’’

अंतिओकोनं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग न विचारता आतून एक जुन्या घाटणीचा काढून आणला. बंद पाठीचा, वायरचा, कापडी उशांचा. वायर बघून पास्काला बरं वाटलं. हवेतून येणाऱ्या आवाजावर तिचा भरवसा नव्हता, काहीतरी बांधलेलं असावं. पण घालून बघते तर आवाज दबलेला, पांघरुणाखालून आल्यासारखा. अंतिओको घुटमळला. मग हळूच म्हणाला की मावशी, रुमाल मधे येतोय. उशी कानाभोवती नीट टेकली नाही तर खालचे सूर सांडून जातात, बासू तर पहिला जातो.

आता हा रुमाल म्हणजे विधवेचा काळा रुमाल. फेब्रुवारीपासून तो तिच्या डोक्यावरून घराबाहेर एकदाही उतरला नव्हता. परक्या पुरुषाच्या दुकानात, भर बाजारात तो काढायचा? रिमेदियाला वाटलं आता आत्या उठून चालू लागणार. पास्का बसल्या जागी बोटं चाळवत राहिली. मग तिनं विचारलं, आत खोली आहे का? मागं खोक्यांची खोली होती. ती आत गेली, रिमेदियाला दाराकडे पाठ करून उभं केलं, रुमाल सोडून मांडीवर ठेवला, पांढऱ्या केसांवर तो हेडफोन चढवला आणि स्वतःच्या बोटानं फोनवरचं गाणं लावलं.

बासू आला. कानात नव्हे, आधी दातांत आला, मग छातीत उतरला. खोक्यांच्या त्या खोलीत पास्का पुन्हा जत्रेतल्या खांबाला टेकून उभी राहिली. रिमेदियानं सांगितलेलं मला आठवतं. ती म्हणाली की आत्याच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला, विहिरीत कळशी टेकावी तसा, म्हणून मी वळून पाहिलं, तर ती दोन्ही हातांनी त्या उशा कानांवर दाबून धरून बसली होती. हाच, ती म्हणाली. हाच दे बांधून.

पुढचे काही दिवस पास्काचे असे गेले की लुगियाला भिंतीपलीकडून काहीही मिळालं नाही. दिवेलागणीच्या आधी ती झडपा ओढून घ्यायची, रुमाल काढायची, स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून बसायची. भिंतीला पाठ लावायची कारण दोन्ही कान बंद केले की मागून कोण येतंय ते कळत नाही, आणि तिला सारखं वाटायचं की येतंय. गाणं सुरू व्हायच्या आधी स्वतःचा गिळलेला घोट ऐकू यायचा, काळजाचे ठोके ऐकू यायचे. मग बासू यायचा. समोरच्या खुर्चीत प्रेदू बसायचा त्या खुर्चीकडे ती बघत राहायची, आणि हळूहळू ती खुर्ची तिला रिकामी वाटेनाशी झाली. लोकरीचा वास यायचा. तिला भीती वाटली नाही. उलट जन्मात कधी बोलली नव्हती तेवढी ती त्या आवाजाशी बोलली. कळप कुणाला विकला ते सांगितलं. त्याचा कप फुटला ते सांगितलं. मूल झालं नाही त्याचा दोष मनातल्या मनात मी तुलाच देत आले, हेही एका संध्याकाळी सांगून टाकलं. बासू नुसता खाली घुमत राहिला, आणि तिला वाटलं, ऐकतोय.

पण हेडफोन चांगला असला की नको तेही ऐकू येतं. गाण्याच्या मागं पेले आपटत होते, कुत्रं भुंकत होतं, कुणी बाई हसत होती. हे सगळं तिला हळूहळू सापडत गेलं. आणि मग तिसऱ्या कडव्यात तिला खोकला सापडला. दोन आखूड ठसके, मग नाकातून सोडलेला लांब श्वास. रोज सकाळी पलंगाच्या कडेला बसून प्रेदू नेमका असा खोकायचा. त्या खोकल्यावर ती उठायची, कॉफी ठेवायची. आवाज विसरले म्हणून काय झालं, खोकला तर विसरले नाही. तिनं ती जागा पुन्हा लावली. पुन्हा लावली.

आणि मग कधीतरी तिचा हात थांबला. खोकणाऱ्या माणसाला त्याच वेळी गाता येत नाही. गाण्यात खोकला आला तेव्हा बासू थांबायला हवा होता. तो थांबला नव्हता. तो खाली तसाच सलग चालू होता. मधला चिरका कोंत्रा मात्र त्या दोन ठसक्यांपुरता गेला होता, आणि त्या लांब श्वासानंतर धडपडत परत आला होता.

पास्कानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. उशांमधून बारीक कुजबुज येत राहिली. समोरची खुर्ची होती तिथंच होती. इतके दिवस त्या खुर्चीत कोण येऊन बसत होतं? कुणाशी बोलले मी? केस मोकळे सोडून, झडपा ओढून, कुणाचा आवाज मी कानाला लावून बसले? ती उठली आणि आधी तिनं रुमाल बांधला.

त्या चौघांतले दोघं केव्हाच गेलेले. प्रेदू तिसरा. उरला तो मियालिनू. जर्मनीहून परत आल्यापासून तो गावाबाहेर एकटाच राहतो, वाटाणे-घेवडा लावतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दुसऱ्या दिवशी, म्हणजे मृतांच्या दिवशीच, सकाळची प्रार्थना आटोपून पास्का घरी न जाता सरळ तिकडं चालू लागली. वर्षाच्या आत विधवा बाई दिराच्या घरी एकटी चाललेली बघून गावानं बघायचं ते बघून घेतलं. बघू देत मेल्यांना. तिच्या डोक्यात एकच होतं. संध्याकाळी पान मांडायचं ते कुणाच्या आवाजाची वाट बघत मांडायचं?

मियालिनू वेल बांधत होता. वहिनीला बघून त्यानं टोपी काढली, खुर्ची आणली, वाइन आणतो म्हणाला. ती उभीच राहिली. तिनं खोकल्याचं सांगितलं. त्यानं सगळं ऐकलं, हातातली दोरी गुंडाळून खिशात ठेवली.

‘‘खोकला त्याचाच, वहिनी,’’ तो म्हणाला. ‘‘बासू माझा.’’

मग त्यानंच सांगितलं. बासू खरा प्रेदूच, गाव म्हणायचं ते खोटं नव्हे. पण त्या संध्याकाळी पास्का येऊन खांबाशी उभी राहिली, प्रेदूनं तिला पाहिलं, आणि त्याचा घसा बसला. अख्ख्या जत्रेत त्याला कोरडा खोकला सुटला. बासू निघेना. मेंढरांमागं ओरडायचा रोजचा आवाज तेवढा उरला होता, त्या आवाजावर कोंत्रा कसाबसा ओढता येत होता. म्हणून भावाभावांनी जागा बदलल्या, मियालिनूचा कोंत्रा प्रेदूनं घेतला आणि प्रेदूचा बासू मियालिनूनं. तोंडं आत असतात, बाहेरच्याला कोण काय गातंय ते दिसत नाही. आठवडाभरानं पास्काच्या घरून होकार आला आणि गावात सगळ्यांच्या तोंडी एकच, पोरीला बासू आवडला.

‘‘मला सांगितलं का नाही?’’ पास्कानं विचारलं. ‘‘इतक्या वर्षांत?’’

‘‘मी म्हणालो होतो त्याला, सांगून टाक, हसेल ती आणि विसरेल. तो म्हणाला, हसली तर ठीक. नाही हसली तर?’’ मियालिनूनं टोपी दोन्ही हातांत फिरवली. ‘‘आणि तुम्ही म्हणायचात म्हणे त्याला, त्या जत्रेतल्यासारखं गा. जर्मनीत मला त्याची पत्रं यायची ना वहिनी, त्यात हे असायचं. पुन्हा विचारलंन्‌ तिनं. त्याचा स्वतःचा बासू माझ्याहून चांगला होता. पण त्या जत्रेतल्यासारखं तो कुठून गाणार?’’

पास्का परत निघाली. वाटेत तिला त्याचं ते चौघं-लागतात प्रत्येक वेळचं आठवू लागलं. जेवताना, अंथरुणात, एकदा तर आजारपणात, तापानं फणफणलेला असताना. तिनं विचारावं, त्यानं मान खाली घालून तेच म्हणावं. तिला वाटायचं आळस. तिला वाटायचं, आपली किंमत नाही म्हणून गात नाही. फटकळ बाई, आपल्याला हवं ते मागून घेण्यात तिला कधी कमीपणा वाटला नाही, आणि जे मागत होती ते त्याच्याकडे नव्हतंच. रस्त्याच्या कडेच्या दगडी गडग्यावर ती बसली. राग आला, तो नेमका कुणाचा ते तिला ठरवता येईना. मग रडू आलं, ते मात्र त्याचंच आलं. चाळीस वर्षं हा माणूस आपल्याच घरात, आपल्याच भावाच्या आवाजाला भिऊन राहिला.

दुपारभर चर्चची घंटा संथ वाजत होती, मृतांच्या दिवशी वाजते तशी. पास्कानं शेवया शिजवल्या, पान मांडलं, चीज हातानंच मोडून ठेवलं. पेल्यात वाइन ओतली. झडपा ओढल्या. उजेड अजून पुरता गेला नव्हता. टेबलाकडे पाठ करून ती बसली, आणि बसल्यावर तिला कळलं की तिला त्याच्या येण्याचं आता भय वाटतंय. काय तोंडानं येईल तो? आणि आला तरी कुठल्या आवाजात? खोकल्यावर किती ओळखणार. खोकला काही बोलत नाही.

तिनं रुमाल काढला, हेडफोन चढवला, गाणं लावलं. बासू आला, पूर्वीसारखाच, दातांतून छातीत. या वेळी ती त्याला म्हणाली, भावोजी, बाजूला व्हा. ऐकायला सोपं नव्हतं ते. ज्या आवाजासाठी जन्म काढला तो मोठा होता, गोड होता, आणि त्याच्या आड तिला शोधायचा होता तो कर्कश आवाज, ज्याला ती इतके दिवस बिजागरीच्या करकरीसारखं सोसत आली होती. तिनं डोळे घट्ट मिटले. पहिलं कडवं गेलं. दुसऱ्यात कोंत्रा हाताला लागला आणि निसटला. तिसऱ्यात खोकला आला, श्वास आला, आणि त्या श्वासाला धरून ती त्याच्याबरोबर वर आली.

फाटका, चिरका, मधल्या पट्टीतला आवाज. अगदी दिवेलागणीला अंगणातून यायचा तसा. दोन्ही हातांत दुधाच्या चरव्या असायच्या, प्रेदूला कडी काढता यायची नाही, म्हणून तो बाहेरूनच ओरडायचा, पास्का, दार. दिवसभरात एवढेच काय ते दोन शब्द तो मोठ्यानं बोलायचा, आणि रोज ती आतून त्याच्यावर खेकसायची. हे तिला आठवलं असं म्हणता येणार नाही. तिला ते ऐकू आलं. त्याच आवाजात, त्याच वेळेला, अंगणाच्या बाजूनं. हेडफोनमधून की बाहेरून, हे तिला तेव्हाही सांगता आलं नसतं.

कान झाकलेल्या माणसाला आपण केवढ्यानं बोलतोय ते समजत नाही. पास्का अशी ओरडली की आवाज दुखवट्याच्या त्या घरातून रस्त्यापर्यंत गेला.

‘‘आले रे, आले. ओरडतोस कशाला?’’

आणि हेडफोन तसाच डोक्यावर, वायरीच्या टोकाला फोन लोंबकळतोय, अशी ती उठली आणि जाऊन तिनं दार उघडलं.